‘रडली तर द्या’

आमच्या सरांना दुखण्याबद्दल दांडगं ज्ञान होतं. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. त्यातही लहान मुलांच्या दुखण्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कधी लहान नव्हताच, चष्मा आणि पोट घेऊनच जन्माला आला असेल. "मॅडम, पोरांच्या नसा कच्च्या असतात. आपल्यासारखं दुखत नाही त्यांना. भूक लागली म्हणून रडतात, आई दिसत नाही म्हणून रडतात. आणि रडू द्या हो, रडल्यानं छाती मोकळी होते." हे सगळं ते टाके घालता घालता म्हणायचे आणि समोर उभी असलेली सिस्टर मान डोलवायची. धुळ्यातल्या त्या हॉस्पिटलचे ते सर्जन होते आणि मालकही. मालकाच्या विधानाला मान डोलवणं हा नोकरीचाच भाग असतो, तेव्हा सिस्टरला मी दोष देत नाही. पहिलं वर्षभर मीही डोलवली.

हेच सर, त्यांना बसायच्या जागी लिंबाएवढं करट झालं तेव्हा मला घरून बोलावून घेऊन म्हणाले, "मॅडम, पूर्ण भूल द्या. मला काही म्हणजे काही कळता कामा नये." दोन मिनिटांचं काम, अर्ध्या इंचाची चीर. शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न, आता दुखायला लागेल का. पुढचे दोन दिवस घड्याळ लावून औषध मागून घेतलं, आणि सिस्टर एकदा पंधरा मिनिटं उशिरा आली तर तिला सगळ्यांदेखत झापलं. सरांच्या नसा चांगल्या पिकलेल्या होत्या, त्याला कोण काय करणार.

मी भूल देणारी. आमच्या भागात मला ‘भुलीची डॉक्टरीन’ म्हणतात, आणि ते म्हणतानाही शंका असते की ही खरी डॉक्टर की डॉक्टरच्या हाताखालची. एका पेशंटच्या मामांनी मला तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही भूल देता, ते ठीक. पण मग डॉक्टर कधी होणार?" मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. त्यांनी आशीर्वाद दिला.

धुळ्याला येण्याआधी मी जळगावला होते. तिथले माझे सर वेगळ्या पंथाचे. पोरांना दुखतं, हे त्यांना मान्य होतं, पण दुखणं दाबलं तर पोटात काय चाललंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पोराचं रडणं हे त्यांचं तपासणीचं साधन. फुकटचं, वीज लागत नाही. ती विद्या जुन्या पुस्तकातली, नव्या पुस्तकात ती कधीच खोडली गेली होती. पण नवं पुस्तक उघडायला वेळ लागतो आणि सरांना वेळ नव्हता. दोन जिल्हे, दोन पंथ, आणि दोन्हीकडच्या वॉर्डातून येणारा आवाज मात्र एकसारखा. ऑपरेशन होऊन दोन-तीन तास झाले, भूल पूर्ण उतरली की सुरू व्हायचा. मी तोवर घरी जेवत असायचे.

नातेवाइकांचं तर काय सांगावं. आमच्याकडे पोराला गप्प करायचा एकच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तो म्हणजे डॉक्टर. जेवत नाही, डॉक्टरला सांगू. झोपत नाही, सुई द्यायला लावू. मी पांढरा कोट घालून वॉर्डातून चालले की खाटाखाटांवरून आया माझ्याकडे बोट दाखवायच्या. "दख, वनी ती सुईवाली. उगी ऱ्हाय, नाहीते टोची दी!" पोर बिचारं आधीच पोट फाडून पडलेलं, त्यात वर ही धमकी. मला त्या बायांचा इतका तिटकारा यायचा की मी कोट घालणंच सोडलं. दुखणाऱ्या पोराला दुखवायची भीती घालून गप्प करतात आणि वर कौतुक सांगतात, आमचं पोर किती शहाणं. ज्या घरात पोरगी हूं की चूं करत नाही त्या घरचे आबा मिशीवर हात फिरवून सगळ्या वॉर्डाकडे बघतात, जणू पोरगी कुस्ती मारून आलीय.

मी या सगळ्यांतली नव्हते. मला माहीत होतं. माहीत असणाऱ्या माणसाचा माज मला पुरेपूर होता, हे आत्ताच सांगून टाकते.

मला जे माहीत होतं ते काही फार गहन नाही. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात, पातळ चादरी एकावर एक घातल्यासारखे. त्यांतल्या दोन थरांच्या मधून नसा जातात, आणि चिरेचं दुखणं त्याच नसा मेंदूपर्यंत पोचवतात. पोरगं भुलीत असतानाच सोनोग्राफीत बघत बघत त्या दोन थरांच्या मध्ये बारीक सुई न्यायची आणि वजनाप्रमाणे मोजलेलं बधिरतेचं औषध सोडायचं. सात-आठ तास, कधी जास्तही, पोटाची ती बाजू बधिर राहते. पोरगं जागं होतं, पाणी मागतं, खोल श्वास घेतं, खोकतं. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची असते. ब्लॉकने चीर बधिर होते, आतलं आतडं नाही. आतलं दुखणं उरतंच. म्हणून ब्लॉक दिला तरी साधं पॅरासिटामॉल ठरल्या वेळी चालू ठेवायचं, पोर मागो न मागो. हे मी दोन ठिकाणी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे.

अडचण मशीनची होती. आपल्या लोकांनी पोटातल्या मुली शोधून शोधून इतक्या मारल्या की सरकारला सोनोग्राफीच्या मशीनवर पहारा बसवावा लागला. मशीन कुठल्या खोलीत, कोण वापरणार, कशासाठी, सगळं नोंदलेलं पाहिजे. परवानगीवाचून ते खोलीबाहेर काढायची सोय नाही. म्हणजे जन्माला न आलेल्या पोरींना आपण वाचवू शकलो नाही, आणि त्यापायी जन्माला आलेल्या पोरींच्या पोटाशीही मशीन नेता येत नाही. मी अर्ज केले, चकरा मारल्या. परवानगी देणाऱ्या सरकारी साहेबांनी मला तीनदा विचारलं, भूल देणाऱ्याला सोनोग्राफी कशाला लागते. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या टेबलावरचा कागद घेऊन चित्रच काढलं. त्यांनी ते चित्र अर्जाला टाचणी लावून फाइलमध्ये ठेवलं. अखेर ऑपरेशन थिएटरसाठी परवानगी मिळाली.

मग उरले सर. सरांना पटवायला मी वर्ष-दोन वर्षं घालवली. ते हसायचे. "मॅडम, तुम्ही झोपवा, आम्ही कापतो, बाकी देव बघतो. देवाला पण काही काम ठेवा की." शेवटी एकदा, बहुधा माझी कटकट थांबावी म्हणून, म्हणाले, "बरं. एक पोर देतो तुम्हाला. रडलं नाही तर पुढच्या सगळ्यांना द्या तुमचा ब्लॉक. रडलं, तर हे खूळ माझ्या हॉस्पिटलात परत नको." मी तिथल्या तिथे कबूल केलं. कसली मूर्खासारखी अट आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. रडणं हेच दुखण्याचं माप, हे सरांचंच तर म्हणणं; आणि मी त्यांच्याच मापाने मोजून घ्यायला तयार झाले.

ते पोर म्हणजे शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली आठ वर्षांची मुलगी. दोन दिवस पोट दुखत होतं आणि घरच्यांनी दोन दिवस बेंबीवर हिंग लावला. तिसऱ्या दिवशी पोट फळीसारखं घट्ट झालं तेव्हा घेऊन आले. अपेंडिक्स आत फुटलेलं. सोबत आई आणि आजोबा. आई शेतातून तशीच आलेली, चपलांना ओली माती. आजोबा, म्हणजे त्यांचे आबा, पांढरी टोपी घालून बाकावर ताठ बसलेले. मी त्यांना सांगायला गेले, की पोट मोठं उघडावं लागेल, पण तिला दुखू नये म्हणून मी एक खास औषध देणार आहे. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरेस्ले काय दुखस, अक्का? रडतीन आन् उगी राहतीन," ते म्हणाले.

आणखी एक सर, टोपी घातलेले. मी मनात म्हटलं आणि सही घेतली.

थिएटरात मुलगी फार रडत होती. तापाने ती सुकून गेली होती आणि शीर काही केल्या सापडत नव्हती. सर हात धुऊन उभे. माझ्यामागे त्यांचे सुस्कारे चालले होते. एकदा टोचलं, शीर निसटली. दुसऱ्यांदा टोचायच्या आधी मी तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले आणि ती एकदम शांत झाली. हात पुढे करून पडून राहिली. सुई नीट बसली. सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे जादू आहे हो. लेकरं ऐकतात तुमचं." मी लाजल्यासारखं केलं. मला खरंच वाटलं होतं की आपल्या आवाजात काहीतरी आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. सरांचे हात चांगले आहेत, हे मान्य केलं पाहिजे. डोकं आणि हात यांची एकाच माणसात गाठ पडतेच असं नाही. पू धुतला, चीर शिवली. मग माझी पाळी. पडद्यावर ते तीन थर इतके स्वच्छ दिसत होते की पुस्तकात छापावेत. सुईचं टोक दोन थरांमध्ये गेलं, औषध सोडलं, आणि थर हळूच विलग होऊन मध्ये काळी चिंचोळी जागा झाली. एवढ्यासाठी मी दोन वर्षं झगडले होते. सर मास्कमधून म्हणाले, "छान आहे पिक्चर. गाणी आहेत का?" मी लक्ष दिलं नाही.

मग मी केसपेपरवर औषधं लिहायला बसले. प्रतिजैविकं, सलाइन. आणि पॅरासिटामॉलपाशी माझा पेन थांबला. तिथे दर सहा तासांनी असं लिहायचं, हे मला पाठ होतं. पण मी दर सहा तासांनी लिहिलं असतं तर सरांनी उद्या काय म्हटलं असतं, हेही मला ठाऊक होतं. ‘औषधानंच गप्प राहिली ती, तुमच्या सुईनं नव्हे.’ मला निकाल स्वच्छ पाहिजे होता. ब्लॉक आणि फक्त ब्लॉक. म्हणून मी लिहिलं, रडली तर द्या. असं सगळेच लिहितात. जळगावात लिहितात, धुळ्यात लिहितात, भुसावळच्या ज्या डॉक्टरांनी लहानपणी माझ्या पायातला पू काढला होता त्यांनीही तेच लिहिलं असेल. एका ओळीत काम होतं, आणि सिस्टरची खेप वाचते. मी सही केली.

दुपारी तिला पाहायला गेले तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. फुटलेल्या अपेंडिक्सचं पोर, ऑपरेशनला तीन तास झालेले, आणि ते खिडकीबाहेर कावळा बघतंय. पाणी मागितलं. ओठ ओले करून दिले. चिरेच्या बाजूला बोट लावलं तर तिला कळलंच नाही. मी म्हटलं, खोक बघू. ती खोकली. ब्लॉक पक्का लागला होता. तो तसा लागला होता, यात आजही मला शंका नाही. मी शेजारच्या खाटांवरच्या बायांना उगाचच ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टरला समजावून सांगितलं की बघा, दुखत नाही तेव्हा पोर कसं असतं. आबा बाकावरून म्हणाले, "आमनी पोर शे ती. आमनाकडे कोन्ही रडत नही." माझं श्रेय तेही घेऊन गेले.

संध्याकाळी मी घरी आले. आठ वाजता वॉर्डात फोन केला. "रडली का?" "नाही मॅडम, एकदम शांत आहे." मला दुसरं काही विचारायला सुचलं नाही. शेवभाजी केली होती, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मी सुखाने झोपले.

सकाळी सरांच्या राउंडच्या आधी पोचायचं म्हणून मी लवकर निघाले. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. वॉर्डाच्या दारातूनच दिसलं, मुलगी गप्प आहे. शाब्बास, असं मी चक्क मोठ्याने म्हटलं. आई खाटेशी उभी होती, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर अभिमान.

"रातभर जागीच व्हती, अक्का. पन एकदाव बी रडनी नही. वाघीन शे मनी पोर."

रातभर जागी. हे शब्द माझ्या कानांवरून गेले आणि मी पुढे झाले. मग जवळून पाहिलं.

ती एका कुशीवर होती, गुडघे पोटाशी घेतलेले. कपाळावर घाम, आणि पंखा तर डोक्यावरच होता. श्वास वरच्यावर, छोटे छोटे, पोट हलू नये असे. आईच्या पदराचं टोक तिच्या तोंडात होतं. मी ते हलकेच काढलं. ओलं होतं, आणि एका जागी दातांनी चावून चावून धागे सुटले होते. मी विचारलं, दुखतंय का गं? तिने मान हलवली, नाही. पण ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. एक हात मी खाटेवर ठेवला होता, दुसरा पाठीमागे होता. तिची नजर त्या पाठीमागच्या हातावरून हटत नव्हती.

मी दोन्ही हात पुढे केले, उघडे. काही नाही बघ, म्हटलं. सुई नाही. खरं सांग.

तिने दोन्ही हात आळीपाळीने पाहून घेतले. मग आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "पोटमा दुखस. रातपाईन."

"मग रडली का नाहीस? सिस्टरला सांगायचं नाही का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरतेय. "रडनी ते परत टोचसू, आसं तुम्ही सांगं ना."

तेव्हा मला आठवलं. थिएटरात, दुसऱ्यांदा टोचायच्या आधी, तिच्या कानाशी. ‘रडलीस तर परत टोचावं लागेल हं. एकदम शांत राहायचं.’ हेच बोलले होते मी. मी कोट घालणं सोडलं होतं, आयांना नावं ठेवली होती, आबांना मनात हसले होते, आणि सर मागे सुस्कारे टाकतायत एवढ्याशा घाईत माझ्या तोंडातून तीच पिढीजात धमकी निघाली होती, तीही खऱ्या सुईसकट. आणि तासाभराने त्याच पोरीच्या पेपरवर मी लिहिलं होतं, रडली तर द्या. मला स्वतःची किळस आली. दुसऱ्यांसाठी मी इतकी वर्षं जो तिरस्कार जमवून ठेवला होता, तो सगळा मलाच लागू होता, आणि थोडा जास्तच, कारण त्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

केसपेपर पाहिला. रात्रीचा रकाना कोरा. ब्लॉक नऊ-दहाच्या सुमारास उतरला असणार. तिथून ते सकाळपर्यंत त्या पोरीच्या पोटात चीरही जागी होती आणि आतडंही, आणि तिला एक थेंब औषध मिळालं नव्हतं. सिस्टरचं काही चुकलं नव्हतं. तिने लिहिल्याबरहुकूम केलं होतं. मी तिला म्हटलं, पॅरासिटामॉलची बाटली आणा, आत्ता. ती धावली. मी मुलीला सांगितलं, आता सलाइनच्या नळीतूनच औषध देणार, टोचणार नाही, कुणीच टोचणार नाही. रडलीस तरी नाही. तिने ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

इतक्यात सर आले. मागे ताफा. "काय म्हणते आमची वाघीण?" आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तेच सांगितलं, एकदाव बी रडनी नही साहेब. सरांनी पेपर उचलला, उलटला, पुन्हा सुलटा केला. चष्मा कपाळावर चढवला.

"एकसुद्धा डोस नाही? रात्रभर?"

मी पेपरवरच्या माझ्याच सहीकडे बघत होते. 

"मॅडम," ते म्हणाले, आणि आवाजात थट्टा नव्हती, "मानलं तुम्हाला. उद्यापासून पोटाच्या प्रत्येक पोराला तुमचा ब्लॉक. मशीन थिएटरातच राहू दे. काय लागेल ते मागा."

दोन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, सर, ती रात्रभर तळमळत होती, ब्लॉक उतरल्यावर जे द्यायचं ते मी लिहिलंच नाही, चूक ब्लॉकची नाही, माझी आहे. शब्द तयार होते. पण हा माणूस त्यांतलं एवढंच ऐकेल की पोरीला दुखत होतं, हेही मला पक्कं माहीत होतं. अट तीच होती. रडलं, तर खूळ बंद. मी एक श्वास थांबले, आणि दुसरा.

माझं बोट कोणीतरी ओढलं. मुलगी होती. मी खाली वाकले.

"आते रडू का?" तिने विचारलं.

दारात सिस्टर बाटली घेऊन उभी होती. मी सरांच्या पाठीमागून तिला हाताने खूण केली, थांबा. आणि मुलीच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "जरा थांब. सर जाऊ देत."

ती थांबली. सर शेजारच्या खाटेपाशी गेले. तिथल्या म्हाताऱ्याने हर्नियाचं काहीतरी लांबण लावलं, सर आज खुशीत होते म्हणून त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, वर एक विनोद केला, ताफा हसला. तेवढा वेळ मी खाटेचा कठडा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, रडू नकोस, रडू नकोस. आबा म्हणत होते तेच, आई म्हणत होती तेच.

त्या दिवसानंतर त्या हॉस्पिटलात पोटाच्या ऑपरेशनचं एकही पोर ब्लॉकशिवाय टेबलावरून उतरलेलं नाही, आणि दर सहा तासांची ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिते. जळगावचे डॉक्टर शिकायला येतात, भुसावळचे येतात. त्यांना मी नसा दाखवते, थर दाखवते. ही गोष्ट सांगत नाही. परवा सरांनीच एका पाहुण्या डॉक्टरला छाती पुढे काढून सांगितलं, की पोरांच्या दुखण्याकडे लक्ष देणारं या भागातलं पहिलं हॉस्पिटल आमचंच. मी शेजारी उभी राहून मान डोलवली.

त्या सकाळी सर बाहेर गेले, दार लागलं. सिस्टरने बाटली लावली, थेंब पडायला लागले. मी मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "गेले सर. आता रड. हवं तेवढं रड."

तिने पदराचं टोक पुन्हा तोंडात घेतलं आणि माझ्याकडे बघत मान हलवली. नको.